जाडजूड, गोलसर फॉन्ट: स्वभाव टोकांत असतो की पोटात?

वेलांटी
मुलांसाठीच्या एका विज्ञान त्रैमासिकाच्या मांडणीचं काम सध्या माझ्याकडे आहे. मुखपृष्ठावरचं नाव आणि आतली मोठी शीर्षकं यांसाठी मी 'बालू' निवडलाय. मुंबईच्या 'एक टाइप'ने केलेला हा ठळक, गोलसर फॉन्ट, नाव माहीत नसलं तरी तुमच्या नजरेखालून नक्की गेला असेल.

संपादक मंडळातल्या एका ज्येष्ठ सदस्यांना तो पसंत नाही. अक्षरं बाळसेदार आहेत, गोड आहेत, पण विज्ञानाच्या अंकाला भारदस्तपणा हवा, असं त्यांचं म्हणणं. मला उलट वाटतं. अंक हातात घ्यावासा वाटणं ही पहिली पायरी, आणि ते काम ही अक्षरं फार चांगलं करतात.

त्यांना हे पटवून द्यायचं तर 'छान दिसतो' एवढ्यावर भागणार नाही. म्हणून इथल्या जाणकारांना विचारते. अशा फॉन्टचा स्वभाव नेमका कशातून येतो? टोकं गोल केली की झालं, की आणखी काही असतं? तुम्ही तो कुठे वापरलात आणि कुठे मुद्दाम टाळलात? छपाई, फलक, वेबसाइट, कुठलाही अनुभव चालेल.

गोलघुमट
पहिला! जागा धरून बसतो. हा धागा रंगणार.

जुळारी
छान विषय काढलात वेलांटीताई. या जातकुळीतला सगळ्यांत गाजलेला टाइप म्हणजे कूपर ब्लॅक. ऑस्वल्ड ब्रूस कूपर या शिकागोच्या अक्षरकाराने तो काढला आणि बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या तिथल्याच फाउंड्रीने (छपाईचे खिळे बनवणाऱ्या कंपनीने) १९२२ साली बाजारात आणला. जाहिरातवाल्यांनी तो डोक्यावर घेतला, जुन्या वळणाच्या मुद्रकांनी नाकं मुरडली. कूपरनेच म्हणून ठेवलंय की हा टाइप दूरदृष्टीच्या मुद्रकांसाठी आहे, ज्यांच्या गिऱ्हाइकांना लांबचं दिसत नाही.

कूपर ज्या फ्रेडरिक गाउडीकडे अक्षरकला शिकला, त्याच गाउडीला पुढे मोनोटाइप या कंपनीने कूपर ब्लॅकला टक्कर देणारा टाइप करायला सांगितलं. १९२५चा गाउडी हेवीफेस तो हाच. आज शिष्याचा टाइप सगळीकडे दिसतो आणि गुरूचा फक्त आमच्यासारख्या हौशी मंडळींच्या संग्रहात.

आता मुद्द्याचं. कूपर ब्लॅकला सेरिफ (रेघांच्या टोकांना असणारे छोटे पाय) आहेत, पण ते इतके बोथट आणि गोल की अख्ख्या अक्षरात काटेकोर कोपरा शोधून सापडत नाही. त्यातला इंग्रजी 'ओ' मोठा करून पाहा. बाहेरून गरगरीत, पण आतली पोकळी चिंचोळी आणि मागे रेललेली. ती पोकळी सरळ उभी करून बघा, अक्षरातला जीव जातो. बाहेरची गोलाई तीच राहते, तरी अक्षर मठ्ठ होतं. त्यामुळे तुमच्या शीर्षकातल्या प्रश्नाला माझं उत्तर: पोटात, म्हणजे या आतल्या पोकळीत.

पंचाक्षरी
वाचनखूण साठवली. जुळारीकाका, तुम्ही लिहीत राहा.

कटरवाला
मी फलक बनवतो. आमच्या कामात गोल टोकं आधी सोयीची असतात, सुंदर नंतर.

राऊटरवर, म्हणजे कोरून कापणाऱ्या यंत्रावर, अक्षर कापताना बिट (त्याचं पातं) गोल फिरतं. ६ मिमीचं बिट असेल तर आतल्या कोपऱ्याला कमीत कमी ३ मिमीची गोलाई येणारच, तुम्ही फाइलमध्ये कितीही टोकदार काढा. मग गिऱ्हाईक विचारतं, बाहेरचे कोपरे धारदार आणि आतले गोल असं का? अक्षर मुळातच गोलसर असेल तर हा प्रश्नच येत नाही. ॲक्रिलिकमध्ये टोकदार आतला कोपरा म्हणजे तडा जाण्याची हक्काची जागा, कारण सगळा ताण तिथे गोळा होतो. व्हायनल स्टिकरचंही असंच, सुटायला सुरुवात होते ती टोकदार कोपऱ्यापासून. गोल कोपरा जास्त दिवस चिकटून राहतो.

आणि जाडी! आतून उजेड लागणाऱ्या अक्षरांत एलईडीच्या पट्ट्या बसायला जागा लागते. बारीक रेघेच्या अक्षरात त्या मावतच नाहीत. त्यामुळे जाड आणि गोल फॉन्ट घेऊन कुणी आलं की मी मनातून खूश असतो.

एक सावधगिरी मात्र सांगतो. आतून पेटलेलं अक्षर रात्री लांबून आहे त्यापेक्षा जाड दिसतं. उजेड पसरतो आणि पोकळ्या बुजतात. दिवसा झकास वाचता येणारा फलक रात्री नुसते पांढरे गोळे दिसतो. म्हणून तिथे मी एक पायरी कमी जाडीचा फॉन्ट सुचवतो आणि अक्षरांमधलं अंतरही थोडं वाढवतो. जुळारी म्हणतात त्या पोटाशी आमचा संबंध रात्री येतो!

तीक्ष्णटोक
मी विरोधी सूर लावतो. गेल्या काही वर्षांत जो तो गोलसर झालाय. पैसे भरायचं ॲप गोल, विमा गोल, दवाखान्याची पावती गोल. हप्ता थकल्याची सूचना गुबगुबीत अक्षरांत येते तेव्हा मला खरंच राग येतो. मजकुरात दंड आकारल्याचं लिहिलंय आणि अक्षरं गालगुच्चा घेतायत. ही जवळीक मी मागितलेली नाही.

ठळक गोल अक्षराला एकच सूर येतो, आनंदाचा. दुःख, इशारा, शंका, तटस्थपणा यांतलं त्याला काही जमत नाही. विज्ञानात शंका महत्त्वाची असते, त्यामुळे मला त्या ज्येष्ठ सदस्यांचं म्हणणं पटतं.

संज्ञा
तीक्ष्णटोक, हप्त्याच्या सूचनेबद्दल शंभर टक्के सहमत. विज्ञानाबद्दल नाही.

गोल आकार आपल्याला मऊ का वाटतो यावर बरंच काम झालंय. वोल्फगांग कोहलर या मानसशास्त्रज्ञाने १९२९ मध्ये एक गोलसर आणि एक काटेरी आकृती दाखवून लोकांना विचारलं, यातली कुठली 'बालुबा' आणि कुठली 'टाकेटे'? नावं अर्थहीन होती, तरी गोल आकृतीला बहुतेकांनी बालुबा म्हटलं. २००१ मध्ये रामचंद्रन आणि हबर्ड यांनी 'बूबा' आणि 'किकी' या नावांनी हाच प्रयोग पुन्हा चर्चेत आणला. आकार, आवाज आणि स्पर्श यांचा मेळ आपण फार विचार न करता घालतो. गोल म्हणजे मऊ, ओठांनी उच्चारलेलं. टोकदार म्हणजे तुटक, कडक.

त्यामुळे अक्षर गोल केलं की मऊपणा येणारच, तो डिझायनरच्या हातात नाही. हातात आहे ते त्याचं प्रमाण, आणि तो मऊपणा कुठल्या मजकुराला द्यायचा हा निर्णय. मुलांच्या विज्ञान अंकात शंका लेखात येते. शीर्षकाने फक्त मुलाला आत ओढायचं असतं.

गोलघुमट
बालू, बालुबा. कोहलरसाहेबांनी कितीतरी दशकं आधीच कौल देऊन ठेवला होता म्हणायचं!

कानामात्रा
सगळे रोमनबद्दल बोलताय. वेलांटीताईंचं काम देवनागरीत आहे, आणि तिथला पेच वेगळा आहे. जरा लांबण लागेल, पण लिहिते.

रोमन अक्षर जाड करायचं तर ते आडवं फुगवता येतं. देवनागरीत वर शिरोरेषा, बहुतेक अक्षरांना उजवीकडे दंड, आणि उरलेल्या जागेत अक्षराची ओळख. 'प' आणि 'ष' यांत फरक पोटातल्या एका तिरक्या रेघेचा. 'व' आणि 'ब' यांतही तसंच. जाडी वाढत जाते तशी ती रेघ आणि बाजूची भिंत यांमधली पांढरी फट मिटायला लागते. जाणता अक्षरकार ही आतली रेघ बाकीच्या रेघांपेक्षा चांगलीच बारीक काढतो. डोळ्याला मात्र सगळं एकाच जाडीचं वाटतं. शिरोरेषेलाही हीच युक्ती. आडवी आणि उभी रेघ एकाच मापाची काढली तर आडवी जास्त जाड दिसते, त्यात शिरोरेषा शब्दभर पसरलेली. ती उतरवली नाही तर अख्खा शब्द डोक्यावर जड होतो.

दुसरी परीक्षा 'ध' आणि 'भ' यांची. 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' यांना वेगळं ठेवतात त्या दोनच गोष्टी, शिरोरेषेतला खंड आणि डावीकडची छोटी गाठ. जाड फॉन्टमध्ये गाठीचं भोक आधी बुजतं आणि मग खंड अरुंद होत जातो. दोन्ही गेले की 'धन' आणि 'घन' एकच. विज्ञानाच्या अंकात हे परवडणार नाही.

तिसरी, शिरोरेषेवरची गर्दी. 'सर्वांसाठी' हा साधा शब्द लिहून पाहा. 'र्वां'वर काना, रफार आणि अनुस्वार, तिघांना एकाच जागी बसायचंय. वाईट फॉन्टमध्ये रफाराचा आकडा आणि टिंब चिकटून एक गोळा होतो. चांगल्या फॉन्टमध्ये या जोडीसाठी वेगळं रूप काढलेलं असतं, टिंब जरा लहान आणि बाजूला सरकवलेलं. खालच्या बाजूला 'शुद्ध', 'घट्ट', 'ब्रह्म' ही जोडाक्षरं बघा. एकाखाली एक दोन अक्षरं, दोन्ही जाड, जागा मात्र दीड अक्षराची.

एक टाइपचाच 'मोदक' नावाचा फॉन्ट आहे, तो बालूशेजारी ठेवून पाहा. मोदकमध्ये जाडी अगदी टोकाला नेलीय. पोकळ्या म्हणजे केसाएवढ्या पांढऱ्या चिरा. वीतभर उंचीचं अक्षर असेल तर त्या चिरा इतक्या देखण्या दिसतात की बघत राहावं. तोच लहान आकारात लावला तर काळे ढग. बालूत जाडी आधीच थांबवलीय, पोटं मोकळी आहेत, म्हणून तो मधल्या आकारांतही तग धरतो. दोन्हींची टोकं गोल आहेत, स्वभाव मात्र अगदी वेगळे. पोट हेच उत्तर, जुळारीकाकांना दुजोरा.

पंचाक्षरी
कानामात्राताई, दंडवत. 'सर्वांसाठी' लगेच लिहून पाहिलं. माझ्या संगणकातल्या अर्ध्या हौशी फॉन्टांत खरंच गोळा होतोय.

कळफलक
थोडं अवांतर. गोल टोकांची अक्षरं नेहमी गोड दिसायलाच हवीत असं नाही. बरीच वर्षं ॲपलच्या कीबोर्डवर व्हॅग राउंडेड हा गोल टोकांचा फॉन्ट होता. २०१५च्या मॅकबुकपासून त्याची जागा सॅन फ्रान्सिस्कोने घ्यायला सुरुवात केली. तो मुळात १९७९ मध्ये फोक्सवॅगन आणि आउडी यांच्या एकत्रित विक्रीव्यवस्थेसाठी केला होता. गाड्या विकायला केलेलं अक्षर लोकांच्या बोटांखाली जाऊन बसलं.

त्याच्याही आधीचं गॉर्टन. पँटोग्राफ यंत्राने (साच्यावरून आकार गिरवून कोरणाऱ्या) कोरायची अक्षरं, रेघ एकाच जाडीची आणि टोकं गोल, कारण कोरणारं हत्यार गोल. यंत्रांच्या पट्ट्या, जुने कीबोर्ड, नियंत्रण कक्षातली बटणं, सगळीकडे तेच. त्यात लाडिकपणा औषधालाही नाही. गोलाई हत्यारातून आली असेल तर ती वेगळी दिसते, हे कटरवाला यांच्या मुद्द्याला जोडून घ्या. जपानमध्ये रस्त्यांच्या फलकांवरही गोल टोकांची मारू गोथिक जातीची अक्षरं भरपूर दिसतात, आणि रस्त्याचा फलक काही कुणाचे लाड करायला उभा नसतो.

गोलघुमट
कॉमिक सॅन्सचं नाव अजून कुणीच काढलं नाही? मंडळ सुधारलंय!

जुळारी
काढलंतच तर सांगतो. कॉमिक सॅन्स व्हिन्सेंट कोनेरने १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टसाठी केला, पडद्यावरच्या एका कार्टून पात्राच्या बोलण्याच्या फुग्यांत शोभावा म्हणून. त्या कामाला तो अगदी चपखल होता. पुढे तो सगळ्यांच्या संगणकांत गेला आणि नोटिशींपासून निमंत्रणांपर्यंत सगळीकडे पसरला. कूपर ब्लॅकची पानं ७०च्या दशकात लेट्रासेटमुळे (घासून कागदावर उतरवायच्या अक्षरांमुळे) घरोघरी पोचली, तेव्हाही असंच झालं होतं. टी-शर्टवर इस्त्रीने चिकटवायच्या अक्षरांतही तोच. सगळ्यांना सहज मिळणारा फॉन्ट चुकीच्या जागीही जातो आणि बदनाम होतो. दोष अक्षराचा नसतो.

टॅगवाला
वेबवर वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. दोन्ही ठिकाणी अनेक साइट अडखळलेल्या दिसतात.

एक, बालूची पहिली आवृत्ती एकाच जाडीची आहे. एचटीएमएलमधली शीर्षकं ब्राउझर आपणहून ठळक करतो. फॉन्टमध्ये त्याहून ठळक रूप नसेल तर तो आहे त्याच अक्षराला बाहेरून थर चढवून खोटा ठळकपणा आणतो. आधीच जाड अक्षर, त्यावर आणखी थर, आणि कानामात्रा सांगतायत त्या सगळ्या फटी बंद. शीर्षकाला फॉन्ट-वेट नॉर्मल द्या किंवा फॉन्ट-सिंथेसिस नन करा. त्याहून बरं म्हणजे बालू २ घ्या. त्यात रेग्युलरपासून एक्स्ट्रा बोल्डपर्यंत पाच जाड्या आहेत, मग ब्राउझरला स्वतःचं डोकं चालवावं लागत नाही.

दुसरी, अक्षरांना रंगीत किनार देणं. गोलसर फॉन्टला किनार फार खुलते, म्हणून सगळ्यांना मोह होतो. पण देवनागरीत प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. किनार दिली की प्रत्येक सांध्यावर एक उभी रेघ उमटते आणि शिरोरेषा तुकडे जोडून केल्यासारखी दिसते. वेबवर पेंट-ऑर्डर वापरून आधी किनार आणि मग भराव काढायला सांगा, त्या रेघा झाकल्या जातात.

कटरवाला
आमच्याकडे याच सांध्यांमुळे ब्लेड शिरोरेषेतून आरपार जातं. सरळ कापायला दिलं तर 'आकाश'चे तीन तुकडे हातात येतात. अक्षरांचे आउटलाइन करून आधी वेल्ड करायचं (सगळे आकार जोडून एकसंध करायचे), मगच कापायला पाठवायचं. किनार द्यायची असेल तरी वेल्डनंतरच. नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो.

बाराखडी
मी पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवते. वर्गात चिकटवायची अक्षरं आणि वाचनपत्रं स्वतःच करते, म्हणून लिहावंसं वाटलं.

गोल टोकं मुलांना जवळची वाटतात याचं एक साधं कारण मला दिसतं. स्केचपेनने ती स्वतः काढतात ती रेघ तशीच असते, एकाच जाडीची आणि टोकाला गोल. समोरचं अक्षर आपल्या हातून निघण्यासारखं आहे असा भरवसा त्यांना येतो. पण जाडी वाढली की हा फायदा जातो. वाचायला नुकतं शिकणारं मूल अक्षर पोटावरून ओळखतं आणि तिथेच काही दिसेनासं झालं तर अंदाज मारायला लागतं. 'भरती'ला 'मरती' वाचणारी मुलं मी रोज पाहते. त्यांच्यासमोर भ-म जवळजवळ सारखे दिसणारा फॉन्ट ठेवणं अन्यायाचं आहे.

म्हणून माझी वाटणी अशी. भिंतीवरच्या मोठ्या शब्दाला जाड गोलसर फॉन्ट चालतो, उलट तो हवाच, मुलं त्याच्याकडे धावतात. वाचनपत्रावर तीच जातकुळी, पण हलक्या जाडीत. बालू २चं रेग्युलर किंवा मीडियम मला त्यासाठी आवडतं. धड्याचा मजकूर मात्र अगदी साध्या, मोकळ्या फॉन्टमध्ये.

आणखी एक. मराठीत आपण शिकवतो तो 'ल' आणि 'श' हिंदी वळणाच्या 'ल', 'श'पेक्षा वेगळा असतो. कुठलाही देवनागरी फॉन्ट घेताना हे दोन आधी बघा. सोबत 'वाऱ्यावर', 'तऱ्हा', 'ॲसिड', 'बाळ' हेही लिहून पाहा. मुलं पुस्तकात एक 'श' आणि भिंतीवर दुसरा 'श' पाहून गोंधळतात.

कानामात्रा
बाराखडीताई, फार मोलाचं लिहिलंत. ल-श बद्दल थोडी भर. अनेक फॉन्टांत दोन्ही वळणं असतात, पण मराठी वळण आपोआप येत नाही. मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी अशी निवडावी लागते, वेबवर लँग गुणधर्मात मराठीचा कोड द्यावा लागतो. फॉन्टमध्ये ती रूपं घातलेली असतील तर मग लगेच बदललेली दिसतात.

तीक्ष्णटोक
कळफलक यांचं गॉर्टन आणि बाराखडी यांचं वाचनपत्र वाचून माझं म्हणणं जरा नेमकं करतो. माझा राग गोल टोकांवर नाही. जाडी, गोलाई आणि वर चटकदार रंग, हे तिन्ही एकत्र लावून अप्रिय मजकूर गोड करण्यावर आहे. गोल टोकाचं पण बेताच्या जाडीचं अक्षर गंभीर राहू शकतं, हे मान्य. आणि जाड पण काटेकोर अक्षर दरडावू शकतं. मग स्वभाव या दोन्हींच्या बेरजेतून येतो, एकट्या पोटातून नाही.

मुलांच्या अंकाच्या मुखपृष्ठाला माझा विरोध मागे घेत नाही, पण सौम्य करतो. आतल्या पानांवर तेच अक्षर सगळीकडे उधळू नका, एवढी विनंती. पानावर एकाच शब्दाला किंवा एकाच ओळीला तो मान द्या. चार ठिकाणी दिला की कुणाचंच ऐकू येत नाही.

जुळारी
तीक्ष्णटोक, बेरजेचं बरोबर. पण जाडी वाढली की कमी काय होतं? पोकळीच ना! जाडी आणि गोलाई यांच्या भांडणात आत जेवढं पांढरं उरतं, त्यावरून अक्षर हसतंय की धापा टाकतंय ते ठरतं. माझा मुद्दा तिथेच आहे.

वेलांटीताईंना छपाईचं एक सांगायचं राहिलं. आतला कागद कुठला आहे? न्यूजप्रिंटसारख्या शोषणाऱ्या कागदावर शाई पसरते आणि पोकळ्या आणखी लहान होतात. मॅथ्यू कार्टर या अक्षरकाराने १९७८ मध्ये टेलिफोन डिरेक्टरीसाठी बेल सेंटेनियल हा टाइप काढला तेव्हा सांध्यांत मुद्दाम खाचा ठेवल्या, शाई पसरून त्या भरतील आणि अक्षर हवं तसं उमटेल या हिशेबाने. आपल्या जाड गोल फॉन्टांत अशा खाचा नसतात, ते मोठ्या आकारासाठीच असतात. म्हणून शोषणारा कागद असेल तर जाडी एक पायरी खाली उतरवा. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं असतील तर शाई बाहेरून अक्षरात शिरते, तिथे उलट जाडच राहू द्या.

वेलांटी
सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं हाताशी येईल असं वाटलं नव्हतं.

तुमच्या सूचना घेऊन आज नमुने काढले. शीर्षकं होती 'धूमकेतूची शेपटी', 'भरती-ओहोटी' आणि 'सर्वांसाठी सूक्ष्मदर्शक'. बालू २च्या एक्स्ट्रा बोल्ड आणि सेमी बोल्ड अशा दोन्ही जाड्यांत, अंकाच्याच कागदावर. मुखपृष्ठाच्या आकारात एक्स्ट्रा बोल्ड सुंदर उमटलं, 'ध'चा खंड हातभर अंतरावरूनही स्वच्छ दिसतो. आतल्या चौकटींच्या छोट्या मथळ्यांना मात्र सेमी बोल्डच बरं, तिथे 'सूक्ष्म'मधल्या 'क्ष्म'ला श्वास घ्यायला जागा लागते. 'र्वां' दोन्हींत सुटा वाचता येतो.

ज्येष्ठ सदस्यांना दोन्ही पानं दाखवली. तीक्ष्णटोक, तुमची विनंती मी माझी म्हणून मांडली! पानावर एकच ठळक शीर्षक, बाकी उपशीर्षकं आणि मजकूर 'मुक्ता' या फॉन्टात. त्यांना ते पटलं. 'धूमकेतू' वाचून ते म्हणाले, अक्षर गोड आहे पण लेचंपेचं नाही. मला एवढं पुरे.

दोन शंका उरल्यात. मुखपृष्ठावरचं नाव दोन ओळींत येतं, तर ओळींमधलं अंतर किती ठेवावं? आणि अंक विकत दिला जातो, तर या फॉन्टच्या परवान्यात काही अडचण?

कानामात्रा
अंतराला ठरावीक आकडा नको, शब्द बघून ठरवा. रोमनमध्ये जाड अक्षरांच्या ओळी घट्ट रचल्या की ठोकळा छान जमतो. देवनागरीत तसं करायला गेलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. ओळी जवळ आणत जा आणि जिथे पहिली धडक होते तिथून थोडं मागे या. वरच्या ओळीत उकार नसतील आणि खालच्या ओळीत वेलांट्या-मात्रा नसतील तर बऱ्याच जवळ आणता येतात. ओळ तोडण्याची जागा बदलूनही कधी कधी काम होतं. दोन शब्दांमधली मोकळी जागा मात्र नेहमीपेक्षा कमी ठेवा. जाड अक्षरांत ती फार मोठी दिसते.

टॅगवाला
परवान्याची काळजी नको. बालू, बालू २, मोदक आणि मुक्ता, सगळे ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. विकायच्या अंकात, वेबसाइटवर, बोधचिन्हात वापरता येतात, पीडीएफमध्ये अंतर्भूत करता येतात. परवानगी किंवा पैसे लागत नाहीत. मनाई आहे ती नुसती फॉन्टची फाइल स्वतंत्रपणे विकायला. फॉन्टमध्ये बदल करून पुढे वाटायचा असेल तर तोही याच परवान्याखाली द्यावा लागतो, आणि मूळ नाव राखीव असेल तर नवीन नावाने.

आणि पुढे गुजराती किंवा तमिळ आवृत्ती काढायचं मनात असेल तर त्या लिपींसाठीही बालूची भावंडं आहेत. बंगाली, ओडिया, गुरुमुखी, कन्नड, तेलुगू, मल्याळम आणि उर्दूसाठीसुद्धा. मुखपृष्ठाचा चेहरा सगळीकडे एकच ठेवता येईल.

बाराखडी
अंक छापून आला की इथे मुखपृष्ठाचा फोटो नक्की टाका वेलांटीताई. वर्गासाठी आम्हाला हवाय.